दोरीला दचकणारी माणसं

खोली भाड्याने देण्याआधी सरांनी मला एकच प्रश्न विचारला. कंपनी कुठली, आडनाव काय, घरात मासे करणार का, यातलं काहीच नाही. ते ओट्यावरच्या खुर्चीत दोन्ही पाय वर घेऊन उकिडवे बसले होते. अंगात बनियन, गळ्यात दुर्बीण. म्हणाले, "संध्याकाळच्या वेळी वाटेत दोरी पडलेली दिसली, तर तुम्ही दचकता का?"

मी उत्तर द्यायला वेळ लावला असावा, कारण ते म्हणाले, "परीक्षा नाही ही. दचकता की नाही?"

"दचकते," मी म्हणाले. "मागेही सरकते."

"मग राहा. किल्ली खिडकीत आहे."

मी तेव्हा महाडच्या एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नुकतीच लागले होते. शिक्षण सगळं पनवेलला, इंग्रजी शाळेत. वडिलांचं गाव पोलादपूरकडचं कापडे, तिथे आत्या राहते. पण तिथून रोज येणंजाणं जमेना, म्हणून महाडात खोली शोधत होते. सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांचं घर गल्लीच्या अगदी टोकाला. खाली ते, वर माझी खोली, आणि खोलीच्या मागे नदीकडे उघडणारी गॅलरी. गॅलरीला बाहेरून जिना होता. सकाळ-संध्याकाळ सर त्या जिन्याने वर येत. अर्ध्या जिन्यात खोकून ते मला सावध करत. मग बराच वेळ सावित्रीच्या काठावर दुर्बीण लावून उभे राहत.

काठावर एक मगर ऊन खायला येई. सर तिला "बाई" म्हणत. "बाई आली बघ. हिने युगानुयुगं स्वतःत काही बदल केला नाही, गरजच पडली नाही. आपल्याला दर दिवाळीला नवा मोबाईल लागतो."

दोरीचा अर्थ त्यांनी मला आठवड्याभराने सांगितला. दोरीला साप समजणं हे अज्ञान, असं आपले तत्त्वज्ञ सांगत आले. सरांचं म्हणणं, असेल अज्ञान, पण ती स्वस्तातली चूक आहे. दोरी बघून पळालं तर थोडा घाम जातो. सापाला दोरी समजून पाय टाकला, तर पुढची पिढीच नाही. "आपण सगळे दचकणाऱ्यांची नातवंडं," ते म्हणाले. "जे दचकले नाहीत ते फार शूर होते. पण त्यांना नातवंडं नाहीत."

मला हे आवडलं. मी लहानपणापासून दचकते. फोन वाजला तरी दचकते.

सर उत्क्रांतीबद्दल बोलत ते पुस्तकातल्यासारखं नसे. माशाला पाय कसे फुटले वगैरे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. त्यांचं सगळं लक्ष माणसांवर, त्यातही आमच्या गल्लीवर. ओट्यावर एक जुना फळा टांगलेला होता आणि त्यावर दर सोमवारी ते एक प्रश्न लिहीत. 'जांभई बघून जांभई का येते?' हा लिहिला त्या दिवशी येणारा-जाणारा प्रत्येक माणूस फळा वाचून जांभई देत पुढे गेला, दूधवालासुद्धा. सर खुर्चीत उकिडवे बसून बघत होते. उत्तर त्यांनी दिलं नाहीच. "शास्त्रज्ञांचंच अजून ठरत नाहीये," म्हणाले, "पण बघायला मजा आली."

उकिडवं बसण्याचंही कारण होतं. माणसाचा पाठीचा कणा खुर्चीसाठी घडलेला नाही असं त्यांचं मत. त्यामुळे बँकेत, दवाखान्यात, कुठेही ते खुर्चीवर पाय घेऊन बसत. आत्याच्या मुलाच्या लग्नाला मी त्यांना कापड्याला घेऊन गेले होते. जेवणाच्या पंगतीत टेबल-खुर्च्या, खुर्च्यांना गुलाबी कापडं. आत्या माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "तुजे सर खुर्चीवर चढून बसलेत गो. खाली काय इच्चू हाय का?" पुढे मी कापड्याला गेले की आत्या हमखास विचारी, "काय गो, तुजा माकडवाला सर बरा हाय ना?"

सर कधी कधी माणसं दुखावत, पण ते त्यांच्या लक्षात येत नसे. आमच्या गल्लीतल्या काकू दुपारी समोरच्या ओट्यावर जमत. एकदा सर जाता जाता प्रेमाने म्हणाले, "चालू द्या, उवा काढणं चालू द्या." त्यांना म्हणायचं होतं की माकडं एकमेकांच्या उवा काढतात ती नुसती साफसफाई नसते, त्यातून कळप एकत्र राहतो, आणि माणसांनी त्याऐवजी गप्पा शोधल्या. म्हणजे ते खरं तर कौतुक होतं. पण एवढं सगळं सांगायला ते थांबले नाहीत. दोन दिवस काकूंनी त्यांच्याकडे बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी सगळ्यांत थोरल्या काकूंनी त्यांना ओट्यावरूनच सुनावलं, "सर, आमच्या डोक्यात उवा नाय हो. तुमच्याच डोक्यात काय तरी वळवळतंय." सर इतके खूश झाले की तो आठवडाभर सगळ्यांना सांगत होते.

त्यांचं पटायचं ते समोरच्या इस्माईलभाईंशी. इस्माईलभाईंचा वाहतुकीचा धंदा, दारात एक टेम्पो, धाकटा भाऊ कुवेतला, मुलगी लग्न होऊन शारजाला. सरांना साखरेचा आजार. ईदला इस्माईलभाईंच्या पत्नी, म्हणजे भाभी, शीरखुर्मा पाठवायच्या नाहीत, स्वतः घेऊन यायच्या आणि समोर उभ्या राहायच्या, म्हणजे सरांना दुसरी वाटी मागता येऊ नये.

"भाभी, जीभ अजून जंगलातच राहते," सर म्हणत. "तिला वाटतं, गोड आज मिळालं, उद्या मिळेल न मिळेल. बाहेर मिठाईची दुकानं झाली हे तिला कुणी कळवलेलंच नाही."

"जिभेला नसेल कळलं. तुमाला कळलंय ना? अर्धीच वाटी."

आता माझ्याबद्दल थोडं, कारण त्याशिवाय सर सांगता येणार नाहीत. मी बोलत नाही. शाळेत दर वर्षी माझ्याबद्दल तेच लिहून यायचं, की हुशार आहे पण पुढे येत नाही. घरी तेच, कंपनीत तेच. सरांकडे राहायला येऊन बरेच महिने झाले तरी मी त्यांच्याशी 'हो', 'नाही', 'लाईट गेलीय' याच्यापलीकडे फारसं बोलले नव्हते. एकदा कंपनीतून उदास होऊन आले. कुणीतरी सगळ्यांसमोर म्हणालं होतं, हिला तोंड आहे का नाही. मी सरांना काही सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. पण गॅलरीत नदीकडे बघत, जणू बाईला सांगावं तसं ते म्हणाले, "तळ्यात दोन तऱ्हांचे मासे असतात. एक धीट. नवीन काही दिसलं की पुढे होतात, खाणं आधी त्यांना मिळतं. दुसरे लाजरे. मागे, गवतात राहून बघतात. लोकांना वाटतं लाजऱ्यांमध्ये काहीतरी कमी आहे. पण तळ्यातले सगळेच मासे धीट असते, तर एका बगळ्याने तळं रिकामं केलं असतं."

मी तिथेच उभी राहिले. माझ्या स्वभावाबद्दल इतकी वर्षं फक्त तक्रारी ऐकल्या होत्या. त्याला कारण असू शकतं, आणि ते कारण चांगलं असू शकतं, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून मी सरांशी थोडं थोडं बोलायला लागले. माझं जीवशास्त्र इंग्रजीतलं. पॅरासाइटला परजीवी म्हणतात हे मला त्यांनीच शिकवलं. माझी मराठी त्या गॅलरीत सुधारली.

एका रविवारी ते म्हणाले, "चल, हिरकणीवाडीला जाऊ. माकडं बघायला." मला वाटलं रायगडावर जायचं. आम्ही गड चढलोच नाही. पायथ्याला रोपवेच्या रांगेसमोर एक टपरी आहे, पिठलं-भाकरी आणि ताक मिळतं. सर तिथल्या बाकावर उकिडवे बसले, माकडांकडे पाठ केली आणि दुर्बीण माणसांच्या रांगेवर लावली.

टपरीवाल्या बाई त्यांना ओळखत होत्या. "आज कोन बगताय सर, मानसं का माकडं?"

"फरक सापडला की सांगतो."

"आमाला सापडलाय. माकडं न विचारता घेतात, मानसं भाव करून घेतात."

रांगेतली तरुण मुलं पाळण्यात बसायच्या आधी घोषणा देत होती, एकमेकांना ढकलत होती. "घाबरलेत," सर म्हणाले. "घाबरला की नर आवाज करतो. मादी गप्प राहून दोरखंड केवढा जाड आहे ते बघते. तू आत्ता काय बघत होतीस?"

मी दोरखंडच बघत होते.

रांगेच्या बाजूला दगडावर एक आजोबा बसले होते. त्यांच्या घरची माणसं वर गेली होती आणि पिशव्या, छत्र्या, लहान मुलांचे बूट त्यांच्याभोवती ठेवून गेली होती. सरांनी दुर्बीण त्यांच्यावर आणली आणि मग हलवलीच नाही. नंतर ती खाली ठेवून नुसत्या डोळ्यांनी बघत राहिले. टपरीच्या पत्र्यावर एक म्हातारं वानर एकटंच बसलेलं होतं. बाईंनी सांगितलं, त्याला कळपातून हाकललंय, आता टपऱ्यांवरच असतं.

"आजीचा उपयोग सिद्ध झालाय," सर एकदम म्हणाले. "बाईमाणसाला मुलं व्हायची थांबतात, तरी ती पुढे कितीतरी वर्षं जगते. का? नातवंडं जगवायला. बऱ्याच शास्त्रज्ञांना हे पटलेलं आहे. आजोबांचा उपयोग अजून सिद्ध व्हायचाय."

मी हसले. मग बघितलं तर ते हसत नव्हते.

सरांच्या पत्नी मी यायच्या आधीच गेल्या होत्या. मुलगी पुण्याला, तिला एक मुलगा. ती दर रविवारी सरांना फोन करी आणि त्यानंतर मला. "बाबांना इकडे यायला सांग ना. पावसाळ्यात मला झोप लागत नाही गं. त्या नदीच्या काठावर एकटे... तुझं ऐकतात ते." मी म्हणे, "सांगते." एकदा सांगितलंही. सर म्हणाले, "तिथे जाऊन काय करू? पिशव्या सांभाळू?" मी पुन्हा विषय काढला नाही.

मुलीची काळजी खोटी नव्हती. महाडात पाणी येतं ही इथे बातमी नसते. वर महाबळेश्वरला पाऊस कोसळला, इकडे खाडीला भरती असली, की नदी खालच्या गल्ल्यांत शिरते. नगरपालिकेचा भोंगा वाजतो. आमच्या गल्लीची एक रीत होती. इस्माईलभाईंच्या ओट्यावर भाभी एक मोठी परात आणून ठेवत आणि सगळ्यांनी आपापल्या स्कूटर-मोटारसायकलींच्या किल्ल्या तिच्यात टाकायच्या. ज्याच्या हाताला जी किल्ली लागेल ती गाडी तो वरच्या रस्त्यावर नेऊन लावणार. कुणाची कुठली हे नंतर बघायचं. तोवर इस्माईलभाई टेम्पो घेऊन गल्लीच्या टोकापासून सुरुवात करत. आधी म्हातारी माणसं, मग आजारी, मग फ्रीज, मग गाद्या. टेम्पोत चढायला कुणी नाही म्हणत नसे.

सर म्हणत.

दोरीचा प्रश्न विचारून भाडेकरू निवडणारा हा माणूस भोंगा वाजला की दुर्बीण घेऊन माझ्या गॅलरीत जाऊन बसायचा. "प्रत्येक प्राण्याची एक हद्द असते," म्हणायचा. "ही माझी." मग सगळी गल्ली रिकामी झाली, पाणी गुडघ्याला लागलं, की इस्माईलभाई शेवटची फेरी खास सरांसाठी मारत. खालून हाका मारत. सर जरा वेळाने उतरत आणि टेम्पोत चढताना म्हणत, "केवळ तुझ्या समाधानासाठी हं, इस्माईल."

इस्माईलभाई दर वेळी का येतात, याचा सरांनी विचार केलेला होता. "रक्ताचं नातं नाही. म्हणजे परतफेड असणार. मी त्याच्या मुलीला बारावीला शिकवलं."

हे त्यांनी इस्माईलभाईंनाही सांगितलं होतं. इस्माईलभाई म्हणाले, "पोरगी आता शारजात दोन पोरांच्या मागे धावते, सर. फेडून झालं असेल तर सांगा, पुढच्या पावसाला नाय येत."

तीन पावसाळे मी हे बघितलं. चौथ्या वर्षी भोंगा सकाळी वाजला आणि थांबेचना. पाऊस रात्रभर होता. मी बॅग भरली, गॅलरीत गेले, म्हणाले, "सर, चला ना."

"तू हो पुढे. बाई दिसत नाहीये. एवढ्या पाण्यात ती कुठे जाते ते मला एकदा बघायचंय."

मी टेम्पोच्या पहिल्या फेरीत काकूंबरोबर गेले. वरच्या रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात सगळी गल्ली जमली. फेऱ्या होत राहिल्या. शेवटी इस्माईलभाईंनी गाद्या उतरवल्या आणि टेम्पो परत वळवला. भाभी पायरीवर आल्या.

"आता नका जाऊ. पानी कमरेला आलं असेल."

"सर गॅलरीत बसले असतील."

"बसू दे. वरच्या मजल्यावर हायत ना?"

"गेल्या खेपेला वरच्या मजल्याला लागायला किती राहिलं होतं, तू बघितलंस," असं म्हणून ते गेले.

टेम्पो परत आला नाही. आम्ही सगळे पायरीवर उभे राहून रस्त्याच्या उताराकडे बघत होतो.  भाभींच्या हातात ती किल्ल्यांची परात होती आणि ती त्यांनी खाली ठेवली नव्हती. कितीतरी वेळाने उताराखालून दोन माणसं भिंतीला धरून येताना दिसली. पुढे इस्माईलभाई, कमरेला दोर बांधलेला. मागे दोराचं दुसरं टोक धरून सर, एका हातात दुर्बीण उंच धरलेली. टेम्पो गल्लीच्या तोंडाशीच बंद पडून पाण्यात गेला होता. सरांना काढताना पाण्याखालचा कुठलातरी पत्रा इस्माईलभाईंच्या पावलात घुसला होता. पायरीवर ते बसले तेव्हा रक्ताने पायरी लाल झाली. भाभींनी परात ठेवली, ओढणी फाडली आणि पाय बांधला.

सर थरथरत उभे होते. काहीतरी बोललं पाहिजे असं त्यांना वाटलं असावं. म्हणाले, "बाई दिसलीच नाही."

भाभींनी वर बघितलं. मी त्यांना तशा नजरेने बघताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

पाणी उतरलं आणि चिखल राहिला. ज्यांनी तो उपसलाय त्यांनाच कळेल तो काय असतो. भांड्यात, उशीत, फ्रीजच्या आत. बाहेरगावाहून माणसं आली, फावडी, घमेली, डबे घेऊन, ओळख ना पाळख. आणि सर त्या चिखलात फिरून प्रत्येकाला विचारू लागले, "तुम्ही का आलात?" ते त्यांना खरोखर कोडं पडलं होतं. रक्ताचं नातं नाही, परतफेडीची शक्यता नाही, कौतुकाने बघायला त्यांच्या गावातलं कुणी नाही. सांगलीकडच्या एका बाईंनी फावडं न थांबवता सांगितलं, "आमच्यात पाणी आलं तवा दुसऱ्या गावची आलती. तुम्ही सरका जरा, आजोबा."

सर सरकले आणि माझ्याकडे आले. मी आमच्या दाराशी खराट्याने चिखल ओढत होते. समोर इस्माईलभाई उलट्या घमेल्यावर बसलेले, पायाला टाके, पाय विटेवर टेकवलेला. टेम्पोचं इंजिन गेलं होतं. गल्लीच्या तोंडाशी तो अजून तसाच तिरका उभा होता. भाभी एकट्याच घर धूत होत्या.

"विचित्र आहे," सर म्हणाले. "एकाकडून घेतलं, दुसऱ्याला दिलं. म्हणजे परतफेड आहेच, फक्त पत्ता बदललाय. आणि इस्माईलचं बघ..."

मी जन्मात कुणाचं बोलणं मध्ये तोडलेलं नाही. तेव्हा तोडलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"सर, कावळ्याच्या घरट्यात कोकिळेचं पिल्लू कशाच्या जोरावर वाढतं?"

शिकवणाऱ्या माणसाला प्रश्न ऐकला की थांबता येत नाही. ते लगेच म्हणाले, "चोच उघडून बसतं. उघडी लाल चोच समोर आली की कावळ्याला नाही म्हणता येत नाही. पिल्लू त्याचं नाही, पण खाऊ घालणं त्याच्या हाडात आहे. स्वतः वाळतो, पण फेऱ्या मारत राहतो. पिल्लाला काही करावं लागत नाही, नुसतं घरट्यात बसून..."

इथे ते थांबले.

 मला वाटलं, आता खोली सोडावी लागणार. मी खराट्याकडे बघत राहिले. सर समोर बघत होते. आधी टेम्पोकडे, मग त्या पायाकडे. शेवटी ते रस्ता ओलांडून गेले आणि इस्माईलभाईंच्या समोर चिखलातच उकिडवे बसले.

"इस्माईल, तू का आलास रे?"

मला वाटलं, पुन्हा तेच. पण आवाज वेगळा होता.

इस्माईलभाई हसले. "विचार केला असता तर नसतो आलो, सर. पानी बगितलंत ना."

सरांनी यावर काही सिद्धांत मांडला नाही. त्यांनी हात पुढे करून तो पाय विटेवर नीट टेकवला. मग उठले, भाभींच्या हातातून बादली घेतली आणि पाणी आणायला गेले. भाभींनी ती घेऊ दिली. त्या दिवशी संध्याकाळी ते गॅलरीत आले नाहीत.

आठ-दहा दिवसांनी सर जिन्यात खोकले. वर येऊन म्हणाले, "इस्माईलच्या भावाचं टेकाडावर घर आहे, माहीत आहे ना? कुवेतवाल्याचं. बंदच असतं. भाभी म्हणतात, वाळवी लागण्यापेक्षा सरांनी राहिलेलं बरं, दिवा तरी लागेल." मग म्हणाले, "समुद्राच्या काठाला एक खेकडा असतो. दुसऱ्याचा रिकामा पडलेला शंख बघतो आणि त्यात राहायला जातो. मूळ मालकाला त्याचा काही त्रास नाही. तो परजीवी नव्हे." 'परजीवी नव्हे' म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. आमच्यात त्या प्रश्नाबद्दल एवढंच बोलणं झालं.

मुलगी फोनवर म्हणाली, "पुणं नाही तर नाही. पण नदीपासून लांब गेले ना? तू काय सांगितलंस त्यांना?" मी म्हणाले, "मी काही सांगितलं नाही. एक प्रश्न विचारला."

सर टेकाडावर गेले, फळा आणि खुर्ची घेऊन. इंजिन दुरुस्त होऊन आलेल्या टेम्पोने पहिली फेरी त्यांच्याच सामानाची केली, उन्हात, कोरड्या रस्त्याने. पुढच्या वर्षी मला पनवेलला नोकरी मिळाली आणि मीही ती खोली सोडली.

आता मी पाचव्या मजल्यावर राहते. खिडकीतून नदी दिसत नाही. पण पावसाळ्यात इस्माईलभाईंचा अधूनमधून फोन येतो, आणि ते सरांच्या तक्रारी सांगतात. टेकाडावरच्या घरातून नदीचं वरचं वळण दिसतं. सर तिथे पहाटेपासून दुर्बीण लावून बसतात. पाण्याचा रंग बदलला, ओंडके वाहत येऊ लागले, की भोंग्याच्या कितीतरी आधी गल्लीत फोन करतात. आधी इस्माईलभाईंना, मग घरोघर.

"काल परत उठवलं सगळ्यांना," इस्माईलभाई परवा सांगत होते. "गाड्या वर नेल्या, काकूंना टेम्पोत घातलं. पानी आलंच नाय."

"मग?"

"मग काय, परातीतल्या किल्ल्या परत वाटल्या. सर बोलले, दोरी होती."

"काकू चिडल्या नाहीत?"

"चिडल्या ना. बोलल्या, सर, तुमच्या डोक्यातलं वळवळनं नदीपर्यंत पोचलं. पन फोन आला की पैली किल्ली त्यांचीच पडते परातीत."

मी त्याच संध्याकाळी सरांना फोन केला. माझ्याकडून फोन करायला मला अजूनही जरा धीर गोळा करावा लागतो. इकडचं तिकडचं बोलून झालं. शारजाहून इस्माईलभाईंची मुलगी आली होती, तिची पोरं दिवसभर दुर्बिणीला लटकतात, असं ते सांगत होते. मग मी विचारलं, "सर, ते हिरकणीवाडीचं म्हातारं वानर आठवतं? एकटं पडलेलं?"

"आठवतं की. परवा गेलो होतो. पत्र्यावरच असतं अजून. बिबट्या खाली उतरला की खोक खोक करून अख्खी वाडी जागी करतं, टपरीवाल्या बाई सांगत होत्या. कळपाने हाकललं तरी सवय गेली नाही त्याची."

"मग आजोबांचा उपयोग सिद्ध झाला म्हणायचा?"

पलीकडे पत्र्यावर पाऊस वाजत होता. 

"छे," सर म्हणाले. "इतक्यात नाही. निरीक्षण चालू आहे." मग त्यांचा आवाज बदलला. "बरं, ठेव आता. वळणावर पाणी लाल दिसतंय. दोरीच असेल बहुतेक."

त्यांनी फोन ठेवला. समोरच्या इमारतीच्या खिडक्यांत दिवे लागत होते. मी हातात फोन धरून तशीच उभी राहिले. महाडला आता इस्माईलभाईंचा फोन वाजत असेल, आणि भाभी परात शोधायला उठल्या असतील.